आईचा टीव्ही आणि घराचे कान

घरातल्या टीव्हीचा आवाज किती असावा, हा विषय साहित्यविषयक पत्रिकेत मांडावा की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु चार-पाच पिढ्यांपूर्वी होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने माळव्यात आलेल्या आणि मग इथलेच होऊन राहिलेल्या आमच्यासारख्या घरांत हा प्रश्न केवळ आवाजाचा राहत नाही. तो हळूहळू भाषेचा होतो. गेल्या वर्षी आईसाठी बिनतारी हेडफोन निवडताना हे आमच्या ध्यानात आले. आणि निवडीची ती सगळी खटपट इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे लिहीत आहो. आमच्या वाचकांपैकी निम्म्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे कोणी ना कोणी असेलच.

आमची आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिची बैठक माजघराला लागून असलेल्या खोलीत. समोर टीव्ही, उजव्या हाताला स्वयंपाकघर. सायंकाळी सातपासून साडेनऊपर्यंत तिथे मराठी मालिका चालतात. आवाजाचा आकडा पूर्वी अठरा-वीसवर असे, तो पाहता पाहता चाळिशीला पोहोचला. सूनबाईंचे कार्यालयीन काम घरूनच चालते आणि त्यांच्या साहेबलोकांचा दिवस आपल्या संध्याकाळी उजाडतो. तेव्हा एकीकडे इंग्रजीतून गंभीर चर्चा आणि दुसरीकडे भिंतीपलीकडून एखाद्या सासूचे आक्रंदन, असा जुगलबंदीचा कार्यक्रम रोज होऊ लागला. शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच. ते सज्जन आहेत, म्हणून काही बोलले नाहीत. पण एकदा त्यांच्या घरच्या वहिनींनी, आमच्या मालिकेत काल पुढे काय झाले ते आम्हालाच हिंदीतून सांगितले, तेव्हा काय ते समजलो.

"आई, आवाज थोडा कमी कर ना," असे म्हटले की ती लगेच कमी करी. दहा मिनिटांनी तो आपोआप वाढलेला असे. एकदा ती म्हणाली, "अरे, आवाज येतो रे मला. शब्द येत नाहीत."

या एका वाक्यात अख्खे श्रवणशास्त्र आहे, हे आम्हाला पुढे कानाच्या डॉक्टरांकडे कळले. वय झाले म्हणजे कान सरसकट मंद होत नाही. आधी त्याची वरच्या पट्टीची बाजू झिजते. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ऊ, हे खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श, फ, थ, ख ही मंडळी वरच्या पट्टीतली आणि मुळातच दुबळी. शब्दाचा अर्थ मात्र पुष्कळसा याच दुबळ्या मंडळींच्या खांद्यावर असतो. त्यामुळे 'सून' आणि 'ऊन' यांत आईला भेद उरला नव्हता, आणि मालिकांचा तर निम्मा कारभार सुनेवरच चालतो. आवाज वाढवला की 'ऊ' आणखी मोठा होतो. 'स' होता तिथेच राहतो. वर पार्श्वसंगीत! कुणी नुसते दार उघडले तरी तीनदा वीज कोसळते. त्या कोसळण्यातून संवाद वेचून काढणे चांगल्या कानांनाही कठीण आहे.

यात खोलीचाही हात होता. आमचे घर जुने. छत उंच, खाली कोटा फरशी, भिंतींवर पडदे-बिडदे काही नाहीत. आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर स्वार होतो. त्यातून आताचे टीव्ही भाकरीसारखे पातळ. जुन्या खोक्याच्या टीव्हीत स्पीकर पाहणाऱ्याच्या तोंडाकडे असत. आता त्यांना पुढे जागाच नाही, म्हणून ते बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवतात. म्हणजे नट आपल्याकडे पाहून बोलतो आणि आवाज भिंतीला सांगतो. हेडफोनचा खरा गुण आम्हाला येथे दिसला. तो आवाज मोठा करीत नाही, अंतर मिटवतो. दहा फुटांची खोली, तिचा घुमारा, पंखा, रस्त्यावरच्या रिक्षा, हे सगळे मधून काढून टाकतो.

तरी खरेदीला जाण्यापूर्वी डॉक्टरांकडे गेलो ते बरे झाले. आईच्या एका कानात मळ घट्ट बसला होता. तो काढताच तिचा आकडा चाळीसवरून बत्तीसवर आला. ज्यांना यंत्रावर खर्च करावयाचा आहे त्यांनी आधी एवढे जरूर करावे. दोन्ही कानांची तपासणी होऊन आलेख हाती आला, तो उजवीकडे उतरत जाणाऱ्या घाटरस्त्यासारखा होता. श्रवणयंत्र आईकडे आधीपासून आहे. ते कपाटात, अंगठीच्या डबीत असते. "ते घातलं की सगळा सराफा कानात शिरतो," ही तिची तक्रार. नियमाने वापरले तर मेंदू त्याला सरावतो, असे डॉक्टरांनी समजावले, आणि आता ती सकाळी दोन-तीन तास ते लावू लागली आहे. पण टीव्हीसाठी तिला वेगळे काही हवे होते.

पहिला प्रयोग चिरंजीवांनी केला. त्यांच्याकडे ब्लूटूथचे एक हेडफोन होते, टीव्हीतही ब्लूटूथ होते; दोन मिनिटांत जुळणी झाली. आईने दहा मिनिटे ऐकले आणि काढून ठेवले. "बाई आधी तोंड हलवते, मग बोलते. डब केलेल्या सिनेमासारखं," ती म्हणाली. आम्ही लावून पाहिले. खरोखरच ओठ पुढे आणि शब्द मागे. चिरंजीवांचे म्हणणे, मोबाइलवर तर असे होत नाही. ते म्हणत होते ते खरेच होते. मोबाइलवर चित्र आणि आवाज दोन्ही एकाच यंत्राच्या ताब्यात असतात. आवाजाला किती उशीर होणार हे ओळखून ते यंत्र चित्रालाच तेवढे थांबवून धरते. टीव्हीवर बहुधा चित्र आपले धावत सुटते.

उशीर का होतो, तेही पाहण्यासारखे आहे. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आकसून पुड्यांत बांधतात, त्या पुड्या हवेतून पाठवतात, आणि वाटेत एखादी हरवली तर पंचाईत नको म्हणून हेडफोन काही पुड्या जमेस धरल्यावाचून गायला लागत नाही. मग पुडी सोडायची, आवाज पूर्ववत करायचा. या सगळ्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्या हिशेबाने २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे सुमारे ७० मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे ऐकण्यासारखे झाले. नदीच्या पैलतीरावर धोबी कपडा आपटतो, तो आधी दिसतो आणि धप्प मागून येते, तसेच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या पुढे ४५ किंवा मागे १२५ मिलिसेकंद गेला की पाहणाऱ्याला ते जाणवू लागते. मागे पडलेला आवाज आपण जास्त सोसतो, कारण सृष्टीतही प्रकाश आधी येतो आणि ध्वनी मागाहून. आईला मात्र हे सोसणे अवघड होते, आणि त्याला कारण होते. ज्याला शब्द नीट ऐकू येत नाहीत, तो नकळत ओठ वाचत असतो. ओठ आणि शब्द फारकत घेऊ लागले की त्याचा तो आधारही जातो.

(ब्लूटूथ हे नाव डेन्मार्कच्या दहाव्या शतकातील हॅराल्ड ब्लूटूथ या राजावरून दिलेले आहे. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, तसे हे तंत्र उपकरणांना एकत्र आणते, अशी कल्पना. आमच्याकडे त्याने चित्र आणि ध्वनी यांचीच ताटातूट केली.)

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज मागेपुढे करता येतो, असे कोणी सुचवले. तेही पाहिले. ती सोय बहुतेक ठिकाणी आवाज आणखी मागे नेण्याची असते. आधीच उशिरा येणाऱ्याला पुढे कसे ओढणार? कमी उशिराचे काही प्रकार ब्लूटूथमध्येही आहेत. त्यांतल्या एकात उशीर ४० मिलिसेकंदांपर्यंत खाली येतो. पण तो प्रकार पाठवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही येत असावा लागतो. एकाला मराठी आणि दुसऱ्याला नुसती कानडी येत असेल तर संभाषण शेवटी मोडक्यातोडक्या हिंदीतच होणार. इथेही यंत्रे तसेच करतात. दोघांना येणाऱ्या सर्वांत साध्या प्रकारावर उतरतात.

तेव्हा महाराणी रोडवर गेलो. तिथल्या एका दुकानदाराने आमचे म्हणणे पुरते ऐकूनही घेतले नाही. "भिया, पेले ये बताओ, टीवी के लिए चिए कि मोबाइल के लिए?" असे त्याने विचारले. आम्हाला वाटते, या विषयावरचा हा एकच प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. मोबाइलचे हेडफोन बाहेर फिरण्यासाठी असतात. टीव्हीच्या हेडफोनला घर सोडायचे नसते. त्याला एक ठाणे असते. ते ठाणे टीव्हीला तारेने जोडायचे आणि तिथून हेडफोनपर्यंतचा प्रवास बिनतारी. यातही दोन कुळे आहेत. एक अवरक्त किरणांवर चालते, रिमोटसारखे. त्याला समोरासमोर दृष्टी लागते. मधून कुणी गेले किंवा आई पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली की आवाज तुटणार. दुसरे रेडिओलहरींचे. ते भिंतीपलीकडे पोहोचते आणि उशीर इतका थोडा, की डोळ्याला कळत नाही. आम्ही हे दुसरे निवडले. किमतीत फरक आहे. ब्लूटूथचे साधे हेडफोन हजार-दीड हजारांत मिळतात. ठाण्यासकट येणाऱ्या या प्रकाराला दहा हजारांच्या आसपास आणि पुढेही मोजावे लागतात. सोनोव्हा या श्रवणयंत्रे बनवणाऱ्या स्विस कंपनीने २०२२ साली सेनहायझरचा घरगुती हेडफोनांचा विभाग ताब्यात घेतला. हेडफोन आणि श्रवणयंत्र यांच्यामधली भिंत किती पातळ झाली आहे, हे त्यावरून दिसते.

ठाण्याचा खरा लाभ आईच्या बोटांना झाला. संधिवातामुळे तिला बारीक बटणे दाबता येत नाहीत, आणि चार्जरची ती इवलीशी पिन भोकात घालणे म्हणजे सुईत दोरा ओवण्यापेक्षाही कठीण. इथे काम संपले की हेडफोन खुंटीवर टोपी टांगावी तसा ठाण्यावर ठेवायचा; तो तिथेच भारित होतो. आवाजासाठी कडेला एक चाक आहे, ते अंगठ्याने फिरते. दुकानात जाताना ज्यांच्यासाठी घ्यायचे त्यांना बरोबर न्यावे, हे आमचे आग्रहाचे सांगणे. आईने तीन प्रकार डोक्यावर चढवून पाहिले. त्यांतला दिसायला सर्वांत देखणा तिने अंबाड्याला टोचतो म्हणून नाकारला.

आणखी एक निवड तिने आमच्या मताविरुद्ध केली. आम्हाला कान पूर्ण झाकणारे बंद प्रकारचे पसंत होते. त्यांतून आवाज बाहेर फुटत नाही. ती म्हणाली, "मग कुकरच्या शिट्या कोण मोजणार?" आमच्या घरात हे खाते तिच्याकडे आहे. तिसऱ्या शिटीला ती हाक मारते, "बंद कर गं," आणि वरणाचा गॅस बंद होतो. तिला आम्ही खुर्चीवर बसवून जगापासून तोडले असते, तर शब्द स्पष्ट आले असते. पण दाराची घंटा, फोन, शिटी हे सारे गेले असते, आणि त्यांच्यासोबत घरातले तिचे खातेही. म्हणून उघड्या पाठीचे, बाहेरचे थोडेफार ऐकू देणारे हेडफोन घेतले. आवाजाला हद्द असावी हे तिला सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, ९० डेसिबलचा मात्र चारच तास. जाता जाता हेही सांगावेसे वाटते, की हेडफोनमध्ये लोहचुंबक असतो. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी हेडफोन काढून गळ्यात लोंबकळत ठेवू नये किंवा सदऱ्याच्या खिशात घालू नये, आणि आपल्या डॉक्टरांना एकदा विचारावे.

हेडफोन घरी आले, आणि आठ दिवस अपूर्व शांतता नांदली. सूनबाईंच्या सभा सुरळीत झाल्या. आम्ही पुष्कळ दिवसांनी एक पुस्तक सलग वाचले. मग नवव्या की दहाव्या दिवशी सूनबाईच म्हणाल्या, "बाबा, आजी एकट्याच हसतात. कशाला हसल्या ते कळतच नाही."

सूनबाई उज्जैनच्या, माहेरची भाषा हिंदी. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना 'बसा' आणि 'जेवलात का' एवढेच येत होते. आज त्या आमच्याशी अस्खलित बोलतात आणि चिडल्या की जास्तच अस्खलित. हे त्यांना कुणी शिकवले नाही. भाजी निवडता निवडता आईच्या टीव्हीतून जे कानांवर पडले त्यातून त्या शिकल्या. आणि आमचा सहा वर्षांचा नातू? त्याची शाळा इंग्रजी, खेळणे हिंदी. त्याच्या तोंडी 'अगंबाई' आणि 'काय हा आगाऊपणा' आले ते टीव्हीतूनच, आणि आईने त्याला त्यावर शाबासकी दिली म्हणून टिकले. १९९९ साली अल्फा मराठी सुरू झाली तेव्हाचे दिवस आमच्या पिढीला आठवत असतील. त्यापूर्वी आमच्याकडे मराठी होती ती देवघरात, ग्रंथालयात आणि गणेशोत्सवातल्या नाटकांत. चालती-बोलती, भांडणारी, दूधवाल्याशी हुज्जत घालणारी मराठी दिवसाकाठी कानांवर पडू लागली ती त्या वाहिनीने. २००५ मध्ये तिचे नाव झी मराठी झाले. मालिकांच्या दर्जाविषयी आम्ही या पानांतून पूर्वी कठोर लिहिले आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण घरातल्या हवेत भाषा असते, ती दर्जा पाहून शिरत नाही.

आता तीच भाषा एका ठाण्यातून निघून थेट दोन जुन्या कानांत जाऊ लागली होती. मधल्या खोलीला तिचा पत्ता नव्हता. पुण्या-मुंबईच्या घरात याने काही बिघडणार नाही. जिन्यात, बाजारात, बसमध्ये मराठी आहेच. आमच्याकडे दाराबाहेर पाऊल टाकले की ती संपते.

तेव्हा नव्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले. आईला हेडफोनमध्ये हवा तेवढा आवाज आणि खोलीतही थोडा, असे एकाच वेळी करता येते का? येते, पण तार कुठे जोडली यावर ते अवलंबून आहे. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात खुंटी घातली की बहुतेक संच स्वतःचे स्पीकर बंद करतात. ब्लूटूथ जोडले तरी पुष्कळदा तेच. मागच्या बाजूला प्रकाशाच्या तारेचे, ज्याला ऑप्टिकल म्हणतात ते चौकोनी दार असते. त्यातून आवाज घेतला तर अनेक संचांत दोन्ही चालू ठेवता येतात. सगळ्यांत नाही, काहींत 'टीव्ही स्पीकर आणि ऑप्टिकल' असा जोडपर्याय निवडावा लागतो, काहींत तो नसतोच. दुकानात आपल्या संचाचे नाव सांगून हे आधी विचारावे. आमच्यात तो होता. तार जोडली तर हेडफोन मुके! तासभर झगडल्यावर चिरंजीवांच्या लक्षात आले, की टीव्ही आवाज डॉल्बीच्या पुडीत बांधून पाठवतो आहे आणि ठाण्याला ती पुडी सोडता येत नाही. सेटिंगमध्ये 'पीसीएम' असा शब्द शोधून तो निवडला, आणि आईने एकदम हात वर केला.

सध्या सातपासून सव्वाआठपर्यंत खोलीतला आकडा बारावर असतो आणि आईचे चाक तिच्या मर्जीवर. पुढे सूनबाईंच्या सभा सुरू झाल्या की खोली गप्प होते, आई एकटी ऐकते. हा तह सूनबाईंनीच सुचवला. पहिल्या सव्वा तासात त्या स्वयंपाकघरात असतात आणि दोघींचे भाष्य चालू असते. फक्त हेडफोन लावलेला माणूस ओरडून बोलतो, हे त्यांना सोसावे लागते.

आता गुरुवारी गल्लीतल्या मावशी येऊ लागल्या आहेत. त्यांनाही कमी ऐकू येते. आमच्या ठाण्याला दुसरा हेडफोन जोडता येतो. तो मागवला आहे. एकाच टीव्हीवरून हव्या तितक्या जणांनी आपापल्या कानांत ऐकावे असे 'ऑराकास्ट' नावाचे नवे ब्लूटूथ तंत्र २०२२ मध्ये जाहीर झाले आहे आणि काही नव्या टीव्हींत व श्रवणयंत्रांत ते येऊ लागले आहे. पुढचा संच घेताना ते पाहू.

वैशाखात हेडफोनच्या रेक्झिनच्या गाद्या घामाने चिकटू लागल्या. आईने ट्रंकेतून एक जुने सुती लुगडे काढले, त्याच्या काठाकडचा मऊ भाग कापला आणि नातवाकडून सुईत दोरा ओवून घेऊन दोन खोळी शिवल्या. दर शनिवारी त्या धुवायला पडतात. लुगड्याचे कापड पुष्कळ उरले होते. परवा पाहिले तर तिने मावशींच्या मापाच्या आणखी दोन शिवून ठेवल्या होत्या.